इरसाल जोडी: एका कँटोनीज चित्रपटाच्या मराठी सबटायटलच्या नोंदी

२१ सप्टेंबर २०२४, शनिवार

चित्रपट मिळाला. हाँगकाँगमधल्या शाम शुइ पोच्या अप्लिउ स्ट्रीटवर जुन्या डिस्कच्या ढिगात पो-पोंनी तासभर शोधाशोध केली आणि शेवटी दोन व्हीसीडींचा संच वर काढला. कव्हरची एक बाजू उन्हाने पांढरी पडली आहे. मायकल हुइ यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट, ‘ग्वाइ मा सेउंग सिंग’, ऑक्टोबर १९७४चा. पुढच्या महिन्यात त्याला बरोबर पन्नास वर्षं होतील.

पो-पो म्हणजे आमच्या शेजारच्या आजी. इथल्या भाषेत, कँटोनीजमध्ये, आईच्या आईला पो-पो म्हणतात. लेक त्यांना तशी हाक मारते, म्हणून मीही. माझी आई तीन महिन्यांसाठी गावाहून आली आहे. दोघी बाहत्तरीच्या. संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर शेजारी बसून चोय समची भाजी निवडतात, पण एकीचं अक्षर दुसरीला कळत नाही. आई त्यांना ताई म्हणते आणि पो-पो आईला आ-झे म्हणतात. त्याचाही अर्थ ताईच. पो-पोंना हा चित्रपट आईला दाखवायचा आहे आणि आईला इंग्रजी येत नाही. म्हणून मराठी सबटायटल. मुदत भाऊबीजेची, ३ नोव्हेंबर.

गोष्ट थोडक्यात: जुगाराच्या नादावर जगणारा एक तरणा, देखणा, गोड जिभेचा लबाड पोरगा तुरुंगात एका मुरलेल्या ठकाला भेटतो आणि सुटल्यावर दोघं मिळून लोकांना गंडवायला निघतात. थोरला मायकल हुइ, धाकटा सॅम हुइ. प्रत्यक्षातही ते सख्खे भाऊ, सहा वर्षांच्या अंतराने. मी नोंदींत त्यांना थोरला आणि धाकटा असंच लिहीन.

२२ सप्टेंबर, रविवार

डिस्क लावली तर दोन माणसं एकाच वेळी बोलत होती. आधी वाटलं, डिस्क खराब आहे. मग आठवलं, हाँगकाँगच्या व्हीसीडीवर डाव्या बाजूला कँटोनीज आणि उजव्या बाजूला मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, अशी सोय असायची. आपल्या प्लेअरने दोन्ही एकत्र केले होते. उजवी बाजू बंद केल्यावर कँटोनीज स्वच्छ ऐकू आली.

मग मुद्दाम उलट करून पाहिलं. तोच धाकटा, तेच हसू, पण मँडरिनमध्ये. माणूस बदलल्यासारखा वाटला. मँडरिनचा काही दोष नाही, तिचे स्वतःचे इरसाल लोक आहेत. पण ह्या पोराचा गोडवा ह्या गल्लीच्या भाषेतच मुरलेला आहे. आवाज दोन्हीकडे नंतरच भरलेला आहे. तेव्हा हाँगकाँगचे चित्रपट बहुतेक मुके चित्रित करत आणि संवाद मागाहून स्टुडिओत बोलत. तरीही डाव्या बाजूचा आवाज ओठांवरून आल्यासारखा वाटतो.

२६ सप्टेंबर, गुरुवार

तीन रात्रींत ६४ ओळी केल्या, चित्रावर छापलेल्या इंग्रजी सबटायटलवरून. आज आईला वाचून दाखवल्या. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘हा पोरगा शाळामास्तर आहे का?’

६४च्या ६४ पुसल्या. आईचं बरोबर होतं. इंग्रजी ओळीत वाक्याचा अर्थ येतो, बोलण्याची ढब येत नाही. बरं, तिच्या वर छापलेली चिनी ओळही पुरेशी नाही. तीही पुष्कळदा प्रमाण लिखित चिनीत असते, तोंडातून निघालेली कँटोनीज तशीच्या तशी लिहिलेली नसते. म्हणजे पडद्यावर दोन ओळी आणि दोन्ही ओळी बोलणाऱ्यापासून दूर. आता कानाने ऐकूनच करायचं. अकरा वर्षं इथल्या बाजारात घालवली आहेत, तेवढी शिदोरी आहे. अडलं तर लेक आहे, ती इथल्या शाळेत जाते. त्याहून अडलं तर पो-पो.

२८ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस सोन्याचा. कँटोनीज वाक्याच्या शेवटी एक छोटासा शब्द लागतो आणि सगळा भाव त्यातच असतो. इंग्रजीत त्याला जागाच नाही, म्हणून तो गाळला जातो. मराठीत मात्र त्याच्यासाठी घडवलेली जागा तयार आहे.

‘वो’ घ्या. खालून वर चढत्या सुरात ‘वो’ लावला की ऐकीव गोष्ट सांगतोय असा अर्थ होतो, आणि थोडा हात झटकल्यासारखाही. आपल्याकडे ‘म्हणे’. ‘तो आजारी आहे म्हणे.’ तंतोतंत तेच, आणि वाक्यात त्याच जागी, शेवटी! ‘लो’ म्हणजे उघडच आहे, अशा अर्थाचा ‘की’. ‘झे’ म्हणजे ‘एवढंच ना’. ‘मे’ लावला की आश्चर्याचा प्रश्न होतो, आपल्या ‘का काय’सारखा. आणि नुसता लांबवलेला ‘आ’ कधी ‘रे’, कधी ‘बरं का’, कधी ‘हं’.

लबाड माणसाला हे शब्द फार लागतात. खोटं बोलताना ‘मी ऐकलंय’ असा आडोसा घेता येतो. धाकट्याच्या ओळींत ‘म्हणे’, ‘बुवा’, ‘बरं का’ पेरायला सुरुवात केली आणि तो बोलू लागला. २१ ओळी आईला ऐकवल्या. तिसऱ्या ओळीला हसली.

१ ऑक्टोबर, मंगळवार

इथे सुट्टी. सगळा दिवस एकाच प्रश्नावर गेला: धाकटा थोरल्याला तू म्हणेल की तुम्ही?

कँटोनीजमध्ये ‘नेइ’ हा एकच शब्द आहे, पोरासोरांपासून साहेबापर्यंत सगळ्यांना. मराठीत निवड करावीच लागते, आणि एकदा केली की नातं ठरून जातं. प्रेक्षकांना हे भाऊ आहेत हे माहीत असतं आणि सख्ख्या भावाला आपण दादा म्हणूनही तूच म्हणतो. पण गोष्टीत ते भाऊ नाहीत. तुरुंगात भेटलेले परके आहेत, एक उस्ताद आणि एक शिकाऊ.

ठरवलं ते असं. तुरुंगात धाकटा ‘तुम्ही’ म्हणेल, कारण त्याला काहीतरी हवं आहे. बाहेर पडून पैशाची वाटणी सुरू झाली की ‘तू’. थोरला पहिल्यापासून ‘तू’, त्यात तुच्छता आणि माया दोन्ही. आणि गिऱ्हाइकाशी बोलताना दोघंही कायम ‘तुम्ही’, ‘साहेब’, ‘आपण’. गोड बोलून खिसा कापणाऱ्याच्या तोंडी ‘आपण’ फार शोभतं. ह्या एका निर्णयाने पहिल्या डिस्कमधल्या शंभरेक ओळी परत लिहाव्या लागल्या. लिहिल्या.

५ ऑक्टोबर, शनिवार

शब्दांची यादी, पो-पोंच्या स्वयंपाकघरात बसून.

पत्त्यांत, व्यवहारात फसवणारा सराईत माणूस म्हणजे ‘लोउ छिन’. फसवणं म्हणजे ‘छोट छिन’. मराठीत पहिला शब्द सुचला तो भामटा, आणि तोच मी वापरणार नाही. भामटा हे एका समाजाचंही नाव आहे. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत राजपूत भामटा आहेत. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का १९५२ साली कायद्यातून गेला, भाषेतून अजून गेलेला नाही. माझ्या सबटायटलमध्ये तरी तो नको. ‘ठकसेन’ वर्तमानपत्री वाटतो. ‘चारसोवीस’ला भारतातलं जुनं कलम चिकटलेलं आहे, हाँगकाँगच्या माणसाच्या तोंडी ते कुठून येणार? ‘लखोबा’ म्हणता येईल, आपल्याकडे अत्र्यांच्या लखोबा लोखंडेचं सामान्यनाम झालं आहे, पण तो बायकांची आयुष्यं उद्ध्वस्त करणारा इसम. हा पोरगा तसा नाही. शेवटी थोरल्याला ‘ठक’ आणि धाकट्याला ‘चालू’.

क्रियापदांत मात्र मराठी श्रीमंत आहे. बोलून भुलवलं तर शेंडी लावली. वस्तू देतो सांगून दिली नाही तर टोपी घातली. मोठी रक्कम उडवली तर गंडा घातला. पकडायला आलेल्याच्या नाकासमोरून निसटला तर हातावर तुरी दिल्या. प्रसंग बघून वाटून टाकते आहे, एकच शब्द दोनदा येऊ द्यायचा नाही.

फसायला तयार बसलेल्या माणसाला इथे ‘सोइ यू’ म्हणतात. अक्षरशः पाण्यातला मासा, पण त्याचा अर्थ मऊ पाठीचं कासव. पो-पोंनी सुरी उचलून हवेत कापून दाखवली: कासव कापतात. आई चटकन म्हणाली, ‘बकरा.’ बकराही कापतातच. ठकांच्या आपापसातल्या बोलण्यात मात्र ‘गिऱ्हाईक’ ठेवलं आहे. धंदेवाईक माणूस सावजाला असंच म्हणेल.

नावाचाही निकाल लागला. मूळ नाव ‘ग्वाइ मा सेउंग सिंग’. ग्वाइ म्हणजे भूत, मा म्हणजे घोडा, दोन्ही मिळून अर्थ होतो मिश्किल, खोडकर, डोक्याने तेज. सेउंग सिंग म्हणजे दोन तारे. हे दोन तारे १९७१ सालच्या टीव्हीबी ह्या इथल्या वाहिनीवरच्या त्या भावांच्या विनोदी कार्यक्रमाच्या नावातून आले आहेत. लेकीला ‘अवली’ हवं होतं, मी ‘बेरकी’ म्हणत होते. आई म्हणाली, बेरकी माणसाला जवळ बसवत नाहीत, इरसाल माणसाला बसवतात. ‘इरसाल जोडी’.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज चुंग येउंग, पूर्वजांच्या कबरींवर जायचा सण, चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याची नवमी. पो-पो सकाळीच घरच्यांबरोबर वडिलांच्या कबरीवर जाऊन आल्या. संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं, त्याने ह्या कामाकडे बघण्याची माझी नजर बदलली.

१९७४ साली त्या बावीस वर्षांच्या होत्या, कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर. त्याच्या आदल्या वर्षी इथे शेअरचं वेड शिगेला पोचलं होतं. लोक भातावर शार्कच्या परांचं सूप ओतून खातात, असं तेव्हा म्हणत. ९ मार्च १९७३ला हँग सेंग निर्देशांक १,७७४.९६ होता. १० डिसेंबर १९७४ला तो १५०.११वर आला. रुपयातले साडेएक्याण्णव पैसे गेले. पो-पोंच्या वडिलांनी भांड्यांचं दुकान विकून शेअर घेतले होते. दुकानही गेलं आणि शेअरचे कागदही रद्दी झाले. ते पत्त्यांना कधी हात लावत नसत, असं त्या दोनदा म्हणाल्या.

पोलीस खात्यातली लाचखोरीही उघड झाली होती. पीटर गॉडबर नावाचा वरिष्ठ अधिकारी १९७३च्या जूनमध्ये हाँगकाँग सोडून पळाला, लोक रस्त्यावर आले आणि फेब्रुवारी १९७४मध्ये भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग उभा राहिला. अशा वर्षाच्या शेवटी हा चित्रपट लागला. सभ्य कपड्यातल्यांनी लुटलेल्या माणसांना पडद्यावर दोन उघड लबाड दिसले, त्यांच्यासारखेच कफल्लक, त्यांच्याच भाषेत बोलणारे. पो-पो म्हणाल्या, ‘बाबा त्या दिवशी हसले. घरी येतानाही हसत होते.’

मी पहिल्या डिस्कमधल्या पैशाच्या सगळ्या ओळी परत तपासल्या. त्यांत थट्टा राहिली पाहिजे, पण पैसा हलका वाटता कामा नये.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली आणि सगळं मराठी प्रश्नचिन्हांत बदललं. दोन रात्रींचं काम गेलं. आता प्रत्येक वेळी यूटीएफ-८, आणि रोज रात्री एक प्रत वेगळी. आईने लॅपटॉपलाही आज झेंडूचं फूल वाहिलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

साय वान होच्या हाँगकाँग फिल्म आर्काइव्हमध्ये गेले. मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती: ह्या चित्रपटाला इथे एवढा मान का?

कारण असं. साठच्या दशकाअखेर मोठे स्टुडिओ मँडरिनकडे वळले. तैवान, आग्नेय आशिया, सगळी बाजारपेठ त्या भाषेत होती. कँटोनीज चित्रपटांवर पैसे कमी, दर्जा घसरलेला, आणि १९६७पासून टीव्हीबीने घरात फुकट कँटोनीज करमणूक आणली. १९७२ साली एकही कँटोनीज चित्रपट निघाला नाही. ज्या शहरात बहुसंख्य लोक कँटोनीज बोलतात, त्या शहरात! १९७३ला छोर युन यांचा बहात्तर बिऱ्हाडांच्या वाड्यावरचा चित्रपट आला, मँडरिनकडे वळलेल्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचाच, टीव्हीवरचे ओळखीचे चेहरे घेऊन, आणि त्याने ब्रूस लीलाही गल्ल्यात मागे टाकलं. पण एका चित्रपटाने काय सिद्ध होतं, असं म्हणता आलं असतं. पुढच्या वर्षी मायकल हुइ गोल्डन हार्वेस्ट ह्या चित्रपट कंपनीकडे गेले, भावाला घेतलं आणि ही इरसाल जोडी आणली. ६२ लाख हाँगकाँग डॉलरहून जास्त गल्ला, त्या वर्षीचा सगळ्यात मोठा. त्यानंतर कँटोनीज पडद्यावरून हलली नाही. चिनी भाषेला इंग्रजीच्या बरोबरीने अधिकृत दर्जा देणारा कायदाही त्याच १९७४चा.

मला हे वाचताना भरून आलं, आणि ते इथे लिहून ठेवते. परत येताना एमटीआरमध्ये, इथल्या मेट्रोत, उभ्याने बारा ओळी सुधारल्या. जिथे जिथे मी पुस्तकी शब्द ठेवला होता, तिथे तिथे.

२० ऑक्टोबर, रविवार

गाणी. सॅम हुइ साठच्या दशकात द लोटस नावाच्या बँडमध्ये इंग्रजी गात असत; तेव्हा तरुणांनी गायचं ते इंग्रजीत, असाच रिवाज होता. ह्या चित्रपटाची गाणी त्यांनी बोलीभाषेत गायली आणि कँटोनीज पॉपची सुरुवात तिथून मोजतात. आधी यमक जुळवून मराठी केलं. वाईट झालं. आता कडव्याला एक साधी ओळ, बाकी वेळ पडदा मोकळा. आवाज ऐकू दे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

माहजाँगचे शब्द कानावर पडावेत म्हणून पो-पोंच्या टेबलाशी बसायला गेले. चार बायका, १४४ सोंगट्या, पाट्यावर गारगोट्या घासल्यासारखा तो खळखळाट. मी वही उघडली आणि चौघींनी एकदम हात वर केले. पो-पोंनी वही मिटून खुर्चीखाली सारली.

वही, पुस्तक म्हणजे ‘स्यू’. हरणं म्हणजेही ‘स्यू’, सूरसुद्धा तोच. खेळणाऱ्याच्या मागे कोणी पुस्तक घेऊन बसायचं नसतं. म्हणूनच इथलं जुनं पंचांग, त्याचं मूळ नाव ‘थुंग स्यू’, पण बोलताना ‘थुंग सिंग’ म्हणतात. सिंग म्हणजे विजय. डुकराच्या जिभेलाही जिभेचा नेहमीचा शब्द वापरत नाहीत, कारण तो तोट्यासारखा ऐकू येतो. तिला ‘लेइ’ म्हणतात, नफा.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, समजवावं लागेल. ती म्हणाली, ‘आपण तरी नारळ फोडतो असं कुठे म्हणतो? वाढवतो. दुकान बंद नाही करत, वाढवतो. बांगडीसुद्धा वाढवतो.’ शब्दश्लेष मराठीत येत नसला तरी त्यामागची भीती येते. अशा ठिकाणी ‘तसं बोलू नये रे’ एवढं घातलं तरी आपल्या माणसाला कळेल.

सोंगट्यांच्या खेळाला रमीचे शब्द लावायचा मोह झाला होता. लावले नाहीत. तीन सारख्या सोंगट्या जुळवताना म्हणायच्या ‘फुंग’ला ‘फुंग’च ठेवलं, फक्त सोंगट्या ‘कालवायच्या’, पत्ते ‘पिसायचे’ आणि डाव ‘लागायचा’.

२ नोव्हेंबर, शनिवार

टीव्हीवर चाचणी. पेनड्राइव्हवरून लावलं तर ‘म्हणे’चा म सुटला आणि हणे वेगळा झाला, ‘गिऱ्हाईक’ तर ओळखूच येईना. टीव्हीला जोडाक्षरं जमत नाहीत. म्हणून मुक्ता फॉन्टमध्ये अक्षरं चित्रातच छापून घेतली. खाली चिनी-इंग्रजी आधीच असल्याने मराठी वरच्या कडेला काळ्या पट्टीवर. आईचा वाचायचा वेग मोजून ओळीत ३२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी. घाईच्या संवादांत सरळ कापलं. वाचता आलं नाही तर विनोद काय कामाचा?

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

आमच्या हॉलमध्ये सहा माणसं. पो-पो आणि आई सोफ्यावर, मधे करंज्यांचं ताट.

पहिली दहा मिनिटं पो-पो आधी हसत आणि आई तीन-चार सेकंदांनी. मी घड्याळ घेऊन बसले होते. तुरुंगातून सुटल्यावर अंतर कमी झालं. पहिल्या ‘तू’वर आई माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आता झाले दोस्त.’ मी कुठे काय बदललं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. थोरल्याने धाकट्यालाच गुंडाळलं तेव्हा ती पुटपुटली, ‘शेरास सव्वाशेर.’ ही ओळ मला सुचली नव्हती.

दुसऱ्या डिस्कमध्ये एका जागी दोघी एकदमच हसल्या आणि पो-पोंनी आईच्या मांडीवर थाप मारली. गाण्याला पो-पो हळू आवाजात गायल्या, अडखळल्या नाहीत. आई पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होती.

९ नोव्हेंबर, शनिवार

दुरुस्त्या: सतरा. ‘शेरास सव्वाशेर’ घातलं. दोन ठिकाणी ‘टोपी’ परत आली होती, एक काढली. शेवटच्या पाच मिनिटांत वेळ अर्ध्या सेकंदाने पुढे सरकली होती, ती नीट केली. फाइल बंद.

पो-पोंनी पुढची डिस्क आणून दिली, ह्याच भावांचा १९७६चा चित्रपट. नाव ‘बुन गन बात लेउंग’: अर्धा गन, आठ लेउंग. दोघेही सारखेच, असा त्याचा अर्थ. भाजीबाजारात अजून गनच चालतो, साधारण ६०५ ग्रॅमचा, सोळा लेउंगांचा. सकाळी आईला घेऊन बाजारात गेले होते तेव्हा काट्यापाशी उभी राहून तिला नाव समजावत होते.

‘सोळाचा?’ ती म्हणाली. ‘मग तो शेरच की. शेराचे सोळा छटाक. अर्धा शेर, आठ छटाक.’

शीर्षक लिहून ठेवलं. पहिल्या ओळी आज रात्री.